मांडीवरचा खिसा

पुढे दोन, मागे दोन, मांड्यांवर दोन. झाले सहा. म्हणून रस्त्यावरचा विक्रेता तिला 'सिक्स पॉकेट' म्हणतो. मॉलमध्ये तीच 'कार्गो' होते आणि नावाबरोबर किंमतही वाढते. यातले चार खिसे कुठल्याही पँटला असतात. मजा आहे ती उरलेल्या दोनांत. ते कुणाच्या डोक्यातून निघाले, कशासाठी निघाले, आणि त्यांच्यावर ती हिरवी-तपकिरी ठिगळं कधी चढली, हा प्रश्न गेले दोन-तीन विकांत माझ्या डोक्यात घोळतोय.

निमित्त साधं. पावसाळी ट्रेकसाठी दणकट पँट हवी होती, आणि आमच्या टीममधल्या एका (कोडपेक्षा बुटांवर जास्त प्रेम करणाऱ्या) मित्राने "मिलिटरी सरप्लस घे, आयुष्यभर फाटणार नाही" असा सल्ला दिला. पँट घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पण पिंड पडला इंजिनियरचा, स्पेसिफिकेशन वाचल्याशिवाय पाकिटाकडे हात जात नाही. वाचता वाचता गाडी पेशावरपर्यंत गेली.

पेशावर कारण 'खाकी'. खाक म्हणजे माती, धूळ. १८४६ साली हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे 'कोअर ऑफ गाइड्स' उभी केली आणि आपल्या लोकांना त्या मुलखाच्या मातीच्या रंगाचे कपडे दिले. बाकी इंग्रजी फौज तेव्हा लाल डगल्यात घाम गाळत होती. १८६७-६८ ची ॲबिसिनियाची मोहीम आपल्या मुंबईहून निघाली, तेव्हा हा धुळकट रंग पहिल्यांदा समुद्रापार गेला. बोअर युद्धात (१८९९-१९०२) अचूक नेमबाज शेतकरी समोर आले आणि अख्ख्या ब्रिटिश सैन्याने खाकी चढवली. थोडक्यात, लपण्यासाठी कपडे घालावेत ही कल्पना युरोपच्या सैन्यांनी बरीचशी आपल्या बाजूच्या मुलखात शिकून घेतली.

गनिमी काव्याच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय, असं वाटेल. पण फ्रेंचांना ते नवल १९१४ पर्यंत पचलं नव्हतं. निळा कोट आणि लालभडक पँट हा त्यांच्या पायदळाचा गणवेश. १९१३ मध्ये रंग बदलायची चर्चा निघाली तेव्हा युद्धमंत्रिपद भूषवलेले एझेन एतिएन खवळले. त्यांच्या लेखी लाल पँट म्हणजे साक्षात फ्रान्स होता. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मेले. सगळा दोष पँटीवर ढकलणं बरोबर नाही. मशीनगन आणि तोफांसमोर मोकळ्या शेतातून छाती काढून धावत जायचं तंत्रच चुकीचं होतं. पण ज्या डोक्यातून ते तंत्र आलं त्याच डोक्याला लाल पँट सोडवत नव्हती, हेही खरं. काही महिन्यांतच फ्रेंच सैन्याने निळसर करडा रंग घ्यायला सुरुवात केली.

आणि मग त्याच फ्रेंचांनी एकदम उलट टोक गाठलं. ल्युसियाँ-व्हिक्टर गिरां द सेव्होला हा उच्चभ्रू मंडळींची चित्रं काढणारा चित्रकार तोफखान्यात होता. १९१५ मध्ये त्याच्या हाताखाली चित्रकारांची एक खास तुकडीच उभी राहिली. काम काय, तर तोफा रंगवायच्या, खोटी झाडं उभी करायची, रस्त्यांवर चित्रं काढलेले पडदे टांगायचे. 'कॅमोफ्लाज' हा शब्द याच सुमाराला पॅरिसच्या बोलीतून जगभर गेला. गर्ट्रूड स्टाइनने लिहून ठेवलंय की पॅरिसच्या रस्त्यावर अशी रंगवलेली तोफ पाहून पिकासो म्हणाला, हे तर आमचंच काम! क्युबिझमवाले वस्तूचा आकार मोडत होते, तोफखानावालेही तेच करत होते. फरक एवढाच की क्युबिस्टांना बघणाऱ्याने थांबून बघायला हवं होतं.

हे सगळं हाताने रंगवलेलं. एक तोफ रंगवणं वेगळं आणि लाखो पँटी रंगवणं वेगळं. तिथे कापडावर यंत्राने छपाई लागते. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केली इटलीने, १९२९ मध्ये, तीही कपड्यांसाठी नाही, तंबूच्या कापडासाठी. अंगावर पांघरता येईल असं ते तंबूचं कापड होतं. जर्मनांनी १९३१ मध्ये आपलं कोनाकोनांचं छाप कापड काढलं, तेही असंच तंबूसाठी. म्हणजे आज आपण मिरवतो ते डिझाइन जन्माने तंबू आहे (आणि काहींच्या अंगावर अजून तसंच दिसतं. ह. घ्या. :) )

आता खिशाकडे. ब्रिटिश सैन्याने १९३७ च्या नमुन्याचा 'बॅटलड्रेस' काढला. आखूड जाकीट, जाड लोकरीची पँट, आणि त्या पँटीच्या डाव्या मांडीवर समोर एक मोठा खिसा. तो होता नकाशासाठी. उजव्या बाजूला वर एक छोटा खिसा, त्यात जखमेवर बांधायची पट्टी. बस्स, आपल्या कार्गोचा मूळपुरुष हा. नकाशा एका बाजूला आणि मलमपट्टी दुसऱ्या बाजूला, एवढ्या दोन खिशांत त्या माणसाचा पुढचा दिवस कसा जाणार आहे ते कळतं. इटलीच्या हिवाळ्यात भारतीय पलटणींनीही हाच बॅटलड्रेस घातला. यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) या मराठा पलटणींतल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती आघाडी इटलीचीच.

खिशाला खरा 'कार्गो' केला तो अमेरिकन छत्रीधारी सैनिकांनी. विमानातून उडी मारलेल्या माणसाच्या मागून सामानाची गाडी येत नसते. जे अंगावर आहे त्यावरच दिवस काढायचे. विल्यम यारबरो नावाच्या अधिकाऱ्याने हे ओळखून १९४२ चा उडी-गणवेश आखला: छातीवर तिरके खिसे आणि दोन्ही मांड्यांवर ऐसपैस, फुगणारे खिसे. छातीवरचे तिरके का? तर पट्टे-बिट्टे अडकवल्यावर सरळ खिशात हात शिरत नाही म्हणून. या माणसाने पॅराशूटवाल्यांचे बूटही आखले आणि छातीवरचा पंखांचा बिल्लाही. एकाच माणसाने बूट, कपडे आणि लोगो, तिन्हीचं डिझाइन केलं! आमच्याकडे एवढ्या कामाला तीन टीम लागतात आणि त्यांचं आपसात पटत नाही.

सैनिकांनी त्या खिशांत शिधा, हातबाँब, काडतुसं असं काय वाट्टेल ते कोंबलं. उडी मारली की झटक्याने खिसे फाटायचे. तेव्हा पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी खिशांवर आणि गुडघ्यांवर जाड कॅनव्हासचे तुकडे मारले आणि खिसा मांडीला आवळून बांधायला पट्टे लावले. पुढची गंमत ऐका. १९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने सगळ्यांसाठी एकच नवा गणवेश काढला, आणि त्या पँटीला मांडीवरचे खिसेच नव्हते! छत्रीधाऱ्यांना ती पँट मिळाली तेव्हा त्याच कारागिरांनी पुन्हा शिलाई मशीन काढली आणि हजारो पँटींना हाताखाली घेऊन खिसे जोडून दिले. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमध्ये उतरलेल्यांच्या पँटी अशा जोडखिशांच्या होत्या. वरून कुणीतरी फीचर काढून टाकलं आणि खाली युजर मंडळींनी पॅच मारला. पॅच हा शब्द इतका शब्दशः वापरायची संधी मला पुन्हा मिळणार नाही.

ठिगळाठिगळांचं कापड मात्र तेव्हा अमेरिकन पायदळाला फारसं लाभलं नाही. बेडकाच्या कातडीसारखं त्यांचं १९४२ चं डिझाइन नॉर्व्हेल गिलेस्पी या बागकामावर लिहिणाऱ्या माणसाने केलं होतं. पॅसिफिकच्या बेटांवर मरीन सैनिकांनी ते वापरलं. नॉर्मंडीत १९४४ मध्ये काही तुकड्यांना ते दिलं आणि घोटाळा झाला. तिथे ठिगळांचे कपडे म्हणजे जर्मन वाफेन-एसएस अशी ओळख होती. आपल्याच लोकांच्या गोळ्या खायची पाळी आली, ते कपडे मागे घ्यावे लागले. लपण्यासाठी केलेला कपडा ओळखीचाही असतो, आणि ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

व्हिएतनामसाठी १९६० च्या दशकात हलका सुती 'जंगल' गणवेश निघाला तेव्हा यारबरोचे तिरके आणि फुगरे खिसे जसेच्या तसे परत आले. बटणं झुडपात अडकतात म्हणून पुढच्या आवृत्तीत ती झाकली गेली. मग कापड रिपस्टॉप झालं: ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट, म्हणजे काटा लागून फाटलं तरी फाट पुढच्या जाड धाग्यापाशी थांबते. (पँट उन्हात धरा, बारीक चौकडी दिसली तर रिपस्टॉप.) आणि १९४८ पासून प्रयोगशाळेत पडून असलेलं पानाफांद्यांचं एक छाप डिझाइन बाहेर आलं. जंगलात शत्रू हाकेच्या अंतरावर असायचा. पुढे युरोपात लांबून लढाई होईल या हिशोबाने त्याच डिझाइनचे ठिपके ६० टक्क्यांनी मोठे केले, आणि १९८१ मध्ये जन्मली ती 'वुडलँड'. वाळूचा रंग, तपकिरी, हिरवा, काळा. डोळे मिटून 'आर्मीवाली पँट' म्हटलं की दिसते ती हीच. हिचं मूळ कापड निम्मं नायलॉन, निम्मं कॉटन. १९८३ मध्ये ग्रेनाडाच्या उष्म्यात सैनिकांनी त्यावर बोंब मारली, मग गरम हवेसाठी निव्वळ कॉटनची रिपस्टॉप पँट आली. आपल्याकडच्या मे महिन्यासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे.

या सगळ्याचा बाजार कसा झाला? सैन्य अंदाजाने माल घेतं, युद्ध संपतं, माल उरतो. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमनने यावर घराणं उभं केलं. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर त्याने जप्त मालाचा जवळजवळ ९० टक्के हिस्सा उचलला. शहरात एवढा दारूगोळा ठेवणार कुठे, म्हणून हडसन नदीतलं एक बेटच विकत घेतलं आणि त्यावर किल्ल्यासारखं गोदाम बांधलं. १९२० मध्ये त्यातला काही भाग उडाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर सरप्लसचा पूर आला. आपल्याकडे याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत, माझे आजोबा अजून म्हणायचे. कपडे-भांडी सोडा, महायुद्धानंतर कानपूरला निकामी करून टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने ती उडवली. जगात यापेक्षा भारी जुगाड मला तरी माहीत नाही.

सरप्लसच्या दुकानात पहिली गिऱ्हाइकं म्हणजे कामगार, शिकारी, कफल्लक विद्यार्थी. स्वस्त आणि टिकाऊ, बाकी काही नाही. व्हिएतनाम काळात अर्थ पालटला. एप्रिल १९७१ मध्ये लढून परतलेले सैनिक त्याच हिरव्या कपड्यांत वॉशिंग्टनला जमले आणि कॅपिटॉलच्या पायऱ्यांपाशी त्यांनी आपली पदकं फेकून दिली. पुढच्या वर्षी जॉन लेननने न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात एका सैनिकाचा शर्ट घातला, त्या माणसाच्या नावाच्या पट्टीसकट. युद्धाचा कपडा युद्धविरोधी लोकांच्या अंगावर गेला. ज्यांनी तो युद्धात घातला होता त्यांनी तसं करणं मला पटतं. बाकीच्यांचं निम्मं पटतं. १९९० च्या दशकात हिप-हॉपवाले आणि मॉलवाले आले, तेव्हा अर्थबिर्थ गळून पडला आणि खिसे तेवढे उरले.

सरप्लसच्या बाजाराचा एक नियम मला फार आवडला: सैन्याने आपला विचार बदलला की गिऱ्हाइकाची चांदी. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले आणि पूर्व जर्मन सैन्याच्या 'पावसाच्या रेघा' असलेल्या पँटी बाजारात कवडीमोलाने आल्या. ब्रिटिशांनी २०१० नंतर डिझाइन बदललं, त्यांचा जुना माल बाहेर पडला. अमेरिकेने तर कमालच केली. १९७० च्या दशकात टिमथी ओ'नील या अधिकाऱ्याने एक चिलखती गाडी छोट्या छोट्या चौकोनांनी रंगवली आणि दाखवून दिलं की लांबून मोठे डाग काम करतात, जवळून बारीक चौकोन. कॅनडाने (१९९७) आणि अमेरिकन मरीन्सनी (२००२) हे नीट वापरलं. मग २००४ मध्ये अमेरिकन भूदलाने वाळवंट, जंगल, शहर सगळीकडे चालेल असं एकच करडं डिझाइन काढलं. पिक्सेल घेतले, पण त्यामागचं मर्म हरवलं. जवळजवळ सारखेच तीन फिके रंग, लांबून सगळे मिसळून एक करडा माणूस दिसायचा. अफगाणिस्तानात ते इतकं उठून दिसू लागलं की २०१० मध्ये तिथल्यांना दुसरं द्यावं लागलं आणि २०१९ पर्यंत ते पूर्ण बाद झालं. बातम्यांत ५ अब्ज डॉलरचा आकडा गाजला. 'सगळीकडे चालेल असं एकच सोल्यूशन' हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकलं की मला हल्ली ती करडी पँट आठवते.

तर मंडळी, आता आपल्याकडे. १९४२-४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या सीमेवर खाकी जंगलात उठून दिसते हे कळल्यावर खाकी कपडे हिरवे रंगवून घ्यायची वेळ आली. मग स्लिमच्या चौदाव्या आर्मीचा रंगच 'जंगल ग्रीन' झाला. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली ती याच आर्मीत. स्वातंत्र्यानंतर खाकी पाकिस्तानकडे राहिली आणि आपल्या सैन्याने ऑलिव्ह हिरवा कायम ठेवला. ठिगळांचा गणवेश नंतरचा. १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डेला नवा डिजिटल नमुना दाखवला गेला, 'निफ्ट'च्या मदतीने केलेला, ७० टक्के कॉटन आणि ३० टक्के पॉलिएस्टर. त्याच वर्षी सैन्याने त्या डिझाइनची नोंदणी करून मालकी हक्कही घेतले. म्हणजे तो नमुना छापून विकणं हा आता बौद्धिक संपदेचाही मामला आहे.

एवढा काटेकोरपणा का, याचं उत्तर फॅशनमध्ये नाही. जुलै २०१५ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात आणि जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला आलेले अतिरेकी सैनिकी कपड्यांत होते. त्यानंतर सैन्याने लोकांना जाहीर विनंती केली की असे कपडे घालू नका, विकू नका. कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ (आधीचं भा.दं.वि. १४०): आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकी पोशाख घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शब्द 'हेतू' असा आहे, त्यामुळे ट्रेकला घातलेली पँट हा गुन्हा होत नाही. पण हेतू कपाळावर लिहिलेला नसतो. ज्याने मला सरप्लसचा सल्ला दिला, त्याच मित्राला एका स्टेशनवर बंदोबस्तावरच्या जवानाने बाजूला घेऊन अर्धा तास चौकशी केली होती. मित्र अजून चिडलेला आहे. मला विचाराल तर जवानाने नेमकं त्याचं काम केलं.

"अरे, एवढं काय, २०१९ मध्ये रांचीला आपल्या क्रिकेट टीमने नाही का आर्मी छापाच्या टोप्या घातल्या?" हा त्याचा युक्तिवाद. बाबा रे, स्टेडियममध्ये विराट कोहलीला कुणी अतिरेकी समजणार नाही. गडचिरोलीच्या रानात मात्र १९९० पासून सी-६० चे जवान आणि नक्षलवादी एकमेकांसमोर आहेत, दोघेही हिरव्यात. तिथे झाडीत हलणारा हिरवा माणूस कोण आहे हे ठरवायला समोरच्याकडे सेकंदाचा काही भाग असतो. नॉर्मंडीतला घोटाळा सैनिकांचा आपसात झाला होता. इथे मध्ये सापडणारा माणूस तेंदूपत्ता गोळा करणाराही असू शकतो. (बार्बाडोस आणि जमैकात तर साध्या नागरिकाला कॅमोफ्लाज घालायचीच बंदी आहे. सहलीला जाणार असाल तर बॅग तपासा.)

डोंगरात लपण्याचं मला कारणही नाही, उलट धुक्यात हरवलो तर दिसलो पाहिजे. हरिश्चंद्रगडावर पावसात माणसं हुकतात तेव्हा शोधणाऱ्यांना हिरवी-तपकिरी पँट घातलेला माणूस शोधायला सांगणं हा क्रूरपणा आहे. म्हणून मी घेतली ती साधी, एकरंगी, जुन्या युरोपीय सरप्लसमधली ऑलिव्ह पँट, आणि वर भगभगीत नारिंगी जाकीट.

घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी सांगून टाकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही कँपातल्या दुकानात 'ओरिजिनल आर्मी' म्हणून जे टांगलेलं असतं त्यातलं पुष्कळसं नुसतं छाप कापड असतं. आतल्या बाजूचा शिक्का किंवा लेबल बघा: वर्ष, माप, कापडाची टक्केवारी नसेल तर सरप्लसचा भाव देऊ नका. मांड्यांच्या आतली शिवण दुहेरी आहे का, बुडाला आणि गुडघ्यावर दुसरा थर आहे का ते हाताने चाचपा. खिसा उलटा करून तळ बघा, काहींना पाणी निथळायला भोक असतं, ते फाटलेलं नाही, रफू करू नका. निव्वळ कॉटन पावसात भिजलं की किलोभर वजन पायाला बांधल्यासारखं होतं आणि वाळत नाही, त्यामुळे पावसाळ्यासाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं कापड घ्या. मांडीच्या खिशात जड काही ठेवू नका, उतरताना ते गुडघ्यावर आपटत राहतं. आणि पायाशी ज्या नाड्या लोंबतात त्या कापून टाकू नका. आंबोलीला जुलैत गेलात तर मोज्यांवर पँट ओढून त्या घट्ट बांधा, जळवा वर चढत नाहीत.